पहिलं बाळंतपण कुठे?

३ जानेवारी १९५६
विद्यापीठातल्या जुन्या ओळखीतून एक अमेरिकन मुलगी आली. एलेना. अठ्ठाविशीची असेल. परळच्या चाळींत बायकांशी बोलायचंय, दुभाषी हवी. म्हटलं, मी शाळा चालवली आहे, दुभाषीपणा नाही. तरी हो म्हणून बसले. आठवड्याला तीन दुपारी.
आजी-आजोबा मेक्सिकोचे. तिची बहुतेक माणसं अमेरिकेच्या दक्षिणेला, सरहद्दीलगत. हिचे वडील मात्र पार उत्तरेला, पोलादाच्या गावी गेले. ''दक्षिणेतल्या आमच्या माणसांवर पुस्तकं आहेत. आम्ही उत्तरेत असू असं कुणाला वाटलंच नाही, म्हणून कुणी लिहिलं नाही.'' ते ही लिहिते आहे. गिरणगावाशी ताडून पाहणार.
उतरली आहे खोताच्या वाडीत, रोझाबाईंकडे.
माझ्या लेकीला, मालतीला, सातवा लागेल. माळ्यावरचा पाळणा खाली काढला. माझ्या आईच्या वेळचा. धूळ फार.

६ जाने.
मासेवालीनं एलेनाला भररस्त्यात अडवलं. ''काय गो बाय, गोव्याची ना तू? मंग बोलत का नाय?'' रोझाबाई खिडकीतून, ''अगो ती अमेरिकेची हाय!'' मासेवाली म्हणाली, ''अमेरिकेची असूं दे, बांगडा कोनचा ताजा ते वलखलान तिनं.'' ए. हसून हसून बेजार.

१० जाने.
परळ. दुसरा मजला. दार उघडलं की मी आधी विचारते, गाव कुठलं? इथली रीतच ती. कुणी संगमेश्वर, कुणी सातारा, कुणी मालवण. जन्मापासून परळात राहिलेली बाईसुद्धा गावाचंच नाव सांगते.
ए. म्हणाली, हा प्रश्न नको. आमच्याकडे गोरे लोक आम्हांला हेच विचारतात, आणि उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. मग काय विचारू? म्हणाली, पहिलं बाळंतपण कुठे झालं ते विचारा.
मला नाही पटलं. विचारलं.
अनसूया, देवगडाकडची, नवरा गिरणीत साच्यावर. ''आवशीकडेच! आनी खय? मुंबैत काय बाळंतपणा करतत?'' दोन पोरं, दोन्ही तिकडे. शेजारची नरसम्मा तेलुगू, नवरा विणकर. ''माझी दोन्ही इथंच. आईचं पण इथंच. तिकडे कोण आहे आता?'' राहवेना म्हणून मी विचारलंच, मग तुमचं गाव? ''परळ.''
अनसूया कपाळावर हात मारून म्हणाली, ''ह्येका म्हणतत! हिचो गाव परळ, आनि आमी सगळी पावणी!''
सगळ्या हसल्या. मीही. घरी येताना तेवढं हसू येईना. 'मुंबई आमची' हे माझ्याही दारावर लिहिलंय.

ए.नं नरसम्माचा पाटा पाहिला आणि थेट बसकण मारून मिरच्या वाटायला घेतल्या. हात आपल्यासारखाच चालतो. तिच्या आजीचा असाच होता म्हणे, तीन पायांचा.

१३ जाने.
मालतीचं पत्र, जमशेदपूरहून.
''आई, मी येत नाही. इथलं इस्पितळ चांगलं आहे. बाळ आपल्या घरी व्हावं असं ह्यांना वाटतं, आणि मलाही.''
आपल्या घरी! लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत. भट्ट्यांच्या धुरातलं दोन खोल्यांचं क्वार्टर. डिंक आणून ठेवलाय, आळीव निवडून झालेत, दाई सांगून ठेवली आहे.
उत्तर लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं, चार ओळी. पहिलं बाळंतपण माहेरी, यात चर्चा नाही. टाकून आले.

१६ जाने.
रात्री रेडिओवर. मुंबई केंद्राच्या ताब्यात. समोरच्या गॅलऱ्यांतून सगळे बाहेर आले. मग एकदम आरडाओरडा सुरू झाला.

१९ जाने.
संचारबंदी. गोळीबाराचे आवाज. दूध नाही. जावयाची तार, काळजी वाटते, आपणच इकडे यावे.
म्हणजे मालतीनं न येण्याला आता कारणही मिळालं. असं मनात आलं. लोक मरताहेत आणि मला हे सुचतंय. असो.

२३ जाने.
संचारबंदी उठली. ए. आली, रोझाबाईंनी दिलेले वडे घेऊन. तिच्यापाशी मालतीचं बोलले. घरच्या गोष्टी बाहेर बोलायची सवय नाही मला.
तिनं सांगितलं. तिच्या आईची पहिली दोन बाळंतपणं मेक्सिकोत, माहेरी. तिसऱ्या वेळी, एलेनाच्या वेळी, आई जागची हलली नाही. म्हणाली, आता इथंच. आजी चिडली. बोलणं बंद. मग एक दिवस आगगाडीतून उतरली, पाटा घेऊन. ''केवढा जड असतो, तुम्हांला माहीत आहे.''
''मग परत कधी गेली?''
''पाटा अजून तिथंच आहे. आजी दफनभूमीत. तीही तिथंच.''
मी म्हटलं, तुमच्याकडे चालत असेल. तिनं वड्यांचं पुडकं माझ्यापुढे सरकवलं. वडे छान होते.

३० जाने.
परळ. चाळीत अजून धास्ती आहे. अनसूयेचा नवरा मोर्चात होता, नरसम्माचाही. दोघांनी एकत्र लाठ्या खाल्ल्या, पाठी एकसारख्या सुजल्यात. नरसम्मा म्हणाली, ''तेव्हा कोणी नाही विचारलं, गाव कुठलं.'' अनसूया दोघांना हळद लावत होती आणि दोघांना शिव्या देत होती.

४ फेब्रुवारी
मालतीचं उत्तर नाही. म्हणजे नाहीच येत.
ए.चे कागद तपासत होते. म्हणाली, एक घर राहिलंय, तुमचं. मी म्हटलं विचार.
''तुमच्या आईचं पहिलं बाळंतपण कुठे?''
''इथेच. गिरगावात. मीच ती.''
''का? आजी नव्हती?''
होती. राजापुराकडे. पण मी आषाढातली. पावसाळ्यात आगबोट बंद, आईला वेळेवर निघता आलं नाही. हे लहानपणापासून ऐकलंय, सगळे हसत सांगायचे. म्हणून मी पक्की गिरगावकर.
ए.नं लिहून घेतलं. लिहिता लिहिता सहज म्हणाली, ''आणि आजी?''
आजीचं कधी कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिनंही डिंक आणला असेल. खोली सारवली असेल. बंदरावर कुणाला तरी पाठवलं असेल.

७ फेब्रु.
मालतीला लिहिलं. मी येऊ का, असं विचारलं. तू ये, असं नाही लिहिलं.

१३ फेब्रु.
''आई, ये ना गं. पण बोलायचं नाही हं.''
कोण बोलतंय.
भावाला तिकिटाला पाठवलं. डिंक, आळीव, बाळंतशेपा, दुपटी बांधली. ए. मदतीला आली होती. पाळण्याकडे बोट दाखवून म्हणाली, हा? म्हटलं, वेडी आहेस का, एवढं धूड आगगाडीतून न्यायचं?
ती गेल्यावर पुसायला घेतला. एक दांडा हातात आला. मोडला वाटलं. मोडला नाही. खुंट्या आहेत. चारही बाजू सुट्या होतात, कड्यासुद्धा. इतकी वर्षं घरात आहे, मालती त्यात वाढली, मला ठाऊक नव्हतं.
हा गिरगावात घडवलेला नाहीच. फणसाचं लाकूड आहे. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या, तेव्हा सुटा करून, बांधून, राजापुराकडे कुणीतरी बोटीत चढवला असणार.
भाग अंथरुणावर मांडून ठेवलेत. पुन्हा जोडले नाहीत.
जावयाला विचारलं पाहिजे, त्या क्वार्टरच्या छताला कड्या आहेत का.