खिडकीपट्टी

मी, खाली सही करणारी, धंदा रफूकाम, राहणार वडिलांनी बांधलेल्या घराच्या डाव्या अर्ध्या भागात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि त्याची फीही घेतली आहे. डोळे अधू झाले आहेत, ते कोणामुळे हे पुढे येईलच. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकायला घरात माणूस लागतं. आमचे यजमान गेले आणि मूलबाळ नाही.

हे लिहिण्याचं कारण एकच. मी काही न लिहिता गेले तर माझा हा अर्धा भाग कायद्याने माझ्या धाकट्या बहिणीकडे जाईल. ते मला नको आहे. उजवा अर्धा भाग तिचाच आहे. डावाही मिळाला तर सबंध घर तिचं होईल, आणि जन्मभर तिला जे जे आयतं मिळत आलं त्यात माझ्या मरणाचीही भर पडेल. वकीलसाहेब समोर बसले आहेत. ते म्हणतात, मावशी, मृत्युपत्रात एवढं लिहायची गरज नसते. मी म्हटलं, तुमची फी पानावर आहे की कामावर? कामावर असेल तर गप्प बसा.

१. रफूच्या सुया, वडिलांचं भिंग आणि धाग्यांची पेटी कोपऱ्यावरच्या शिंप्याला द्यावी. त्याने धागा दातांनी तोडायची सवय सोडावी, नाही तर पेटी परत घ्यावी. कोण घेणार ते मला ठाऊक नाही, पण घ्यावी. रफू म्हणजे ठिगळ नव्हे. कापडाला पडलेलं भोक सुईने एकेक धागा विणून असं भरायचं की भोक होतं कुठे हे मालकालाही सापडू नये. हे काम वडिलांनी आम्हा दोघी बहिणींना एकाच खिडकीत बसवून शिकवलं. ते आल्यागेल्याला सांगायचे, "थोरलीचा हात बसलेला आहे, पण धाकटीला नजर आहे." नजर मलाही होती. मला कोणी विचारलं नाही.

२. पाठीला जाळी असलेली लाकडी आरामखुर्ची सध्या धाकटीच्या पुढच्या खोलीत, तिच्या खिडकीपाशी आहे. ती खुर्ची माझी आहे. आमचे यजमान रोज सकाळी पेपर हातात घेऊन उठायचे आणि "जरा उजेडाला जाऊन येतो गं" म्हणून शेजारी जायचे. आधी नुसते जायचे, मग एके दिवशी खुर्ची उचलून घेऊन गेले. तिथे त्यांना चहा मिळायचा आणि मोठ्याने पेपर वाचला तर ऐकणारं कोणीतरी मिळायचं. त्यात वावगं काही नव्हतं, हे मी शपथेवर लिहिते. पण भिंतीपलीकडून दोघांचं हसणं ऐकू आलं की माझ्या हातातली सुई चुकायची. मला त्यांचा राग यायचा नाही, तिचा यायचा. खुर्ची परत मागायला मी कधी गेले नाही, कारण तिने ती लगेच दिली असती. ती खुर्ची नाक्यावरच्या पेपरवाल्याला द्यावी.

३. माझ्या पुढच्या खोलीतल्या खिडकीत भरलेल्या विटा राज्य सरकारला परत कराव्यात, कारण त्या सरकारनेच भरायला लावल्या.

हे समजावून सांगावं लागेल. घरपट्टी होती, पाणीपट्टी होती, तेवढ्याने सरकारचं पोट भरेना. मग राज्य सरकारने रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्यांवर खिडकीपट्टी बसवली. जेवढी रुंद खिडकी तेवढा जास्त कर. वडिलांनी दोघींनाही सारखी, भिंतभर रुंद खिडकी दिली होती, कारण रफूला दिवसाचा उजेड लागतो. मी पहिल्या वर्षी मुदतीत पट्टी भरली. दुसऱ्या वर्षी दर वाढला, तरी भरली. मग तो असा वाढत गेला की यजमानांचं पेन्शन आणि माझं रफूकाम मिळून खिडकीलाच पुरेना. नियमात लिहिलं होतं की खिडकी विटांनी बुजवली तर पट्टी माफ. मी नियम वाचला आणि गवंडी बोलावला. त्यानंतर दरवर्षी "बुजवलेली खिडकी बुजलेली आहे काय" हे पाहायला कचेरीचा माणूस यायचा आणि त्या तपासणीची फी घ्यायचा. तीही मी मुदतीत भरली. म्हणजे खिडकी होती तेव्हा तिचे पैसे भरले आणि नव्हती तेव्हाही भरले.

धाकटीने काय केलं? काहीही नाही. नोटीस आली की तिच्यावर कापडाचे नमुने चिकटवायची. खिडकी सताड उघडी. मी विचारलं, "अगं, जप्ती आली तर?"

"आली की बघू," म्हणाली. "ताई, उजेडाचे का कुठे पैसे असतात? तू कशाला बुजवतेस? माझ्या खिडकीत येऊन बस, दोघींना पुरेल."

तिच्या खिडकीत जाऊन बसायचं! लहानपणी तिथे बसायची माझी जागा तिच्या उजव्या हाताला होती. त्या दिवसापासून मी बल्ब लावून काम करते.

४. काळा कोट. हा माझ्याकडे नाही, तेव्हा तो कोणाला देता येत नाही, पण त्याची नोंद इथे राहावी. खिडक्या मोजायला येणारे साहेब एकदा कोट घेऊन माझ्याकडे आले. खिळ्याला अडकून खांद्यावर फाटला होता. मनात आलं, याच माणसाने माझी खिडकी फूटपट्टीने मोजली, तर आता माझं काम काय आहे ते त्याला दाखवावंच. बल्बखाली बसून जीव ओतून रफू केलं. इतकं नाजूक काम मी वडिलांसमोरही केलं नव्हतं. साहेब कोट घालून रस्त्यावर गेले आणि पाच मिनिटांत परत आले. उन्हात खांद्यावर निळा डाग चमकत होता. बल्बच्या उजेडात गर्द निळा आणि काळा धागा एकसारखेच दिसतात. खिडकी असती तर मी असला धागा हातातही घेतला नसता.

साहेब म्हणाले, "बाई, आता वय झालं तुमचं." आणि कोट घेऊन शेजारी गेले. धाकटीने माझं रफू उसवून काळ्या धाग्याने पुन्हा केलं. तिने खांद्याला हात लावला तेव्हा तिला कळलंच असणार ते कोणाचं काम आहे. माझ्याकडे मात्र तिने विषयही काढला नाही. त्या न बोलण्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानंतर साहेबांचे सगळे कपडे तिच्याकडे जाऊ लागले. खिडकीपट्टी न भरणारीच्या खिडकीत पट्टीवाले साहेब बसायचे, आणि मी भिंतीला कान लावून त्यांच्या चहाच्या कपाचा आवाज ऐकायचे.

५. माझी शिल्लक. अंत्यविधीचा खर्च वजा जाता जे उरेल त्यातून करकचेरीत, भरणा खिडकीसमोर, एक बाक ठेवावा. बाकावर रंगाने ठळक लिहावं: "मुदतीत भरणाऱ्यांसाठी. थकबाकीदारांनी बसू नये." त्या रांगेत माझे पाय गेले. थकबाकीदार कधी रांगेत येतच नाहीत म्हणा, पण त्यांना आत साहेबांसमोर खुर्ची मिळते हे मी पाहिलेलं आहे.

निवडणूक तोंडावर आली आणि सरकारने अभय योजना काढली. ज्यांनी खिडकीपट्टी कधीच भरली नाही त्यांची सगळी बाकी माफ, दंड माफ, खिडक्या कायम. मी त्याच दिवशी कचेरी गाठली. कारकुनाला विचारलं, "माझं काय?"

"आजी, तुमची बाकी किती?"

"काहीच नाही. मी सगळी भरलेली आहे."

"मग माफ काय करणार?" तो खरोखर विचारात पडला. "थोडी तरी ठेवायची ना हो!"

"बरं, मग निदान माझी खिडकी तरी उघडू द्या."

"बुजवलेली उघडली की ती नवीन खिडकी धरतात. नवीनला योजना लागू नाही. नवीन दराने भरावं लागेल."

घरी आले तर दारात गर्दी. योजनेची पहिली लाभार्थी म्हणून धाकटीला मंत्र्यांच्या हातून फुलांचा गुच्छ मिळाला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, मागे तिची खिडकी. प्रामाणिकपणे भरणाऱ्यांचे फोटो कोणी काढले नाहीत. मी जळून खाक झाले, हे स्वच्छ लिहिते. संध्याकाळी ती निम्मा गुच्छ घेऊन माझ्याकडे आली. "ताई, यातली अर्धी फुलं तुझी. तुझ्याच पैशाची आहेत ती." हे तिने भोळेपणाने म्हटलं की खिजवायला, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. फुलं मात्र मी ठेवून घेतली.

६. भांडीकुंडी, कपडे, पलंग ज्याला हवं त्याने न्यावं. धाकटीने माझी जाड रजई नेली तरी चालेल, तिला थंडी सोसत नाही. ही दया नव्हे, रजईचा उपयोग व्हावा म्हणून लिहिलं आहे.

७. घराचा माझ्या मालकीचा डावा अर्धा भाग मी राज्य सरकारला देत आहे.

वकीलसाहेबांनी दोनदा विचारलं, "मावशी, नक्की?" त्यांनी आधी दुसरी नावं सुचवून पाहिली होती. वाचनालयाला द्या, म्हणाले. तिथली अध्यक्षीण कोण? धाकटी. शाळेला द्या. शाळेत शिवण शिकवायला आठवड्यातून एकदा कोण जातं? धाकटी. शिंप्याला द्या. तो तिला आक्का म्हणतो. या गावात धाकटीच्या शब्दाबाहेर असलेलं एकच ठिकाण निघालं, ते म्हणजे सरकार. ज्याने माझा उजेड घेतला त्याच्याच हातात घर देते आहे, मला कळतं. पण सरकारचा मला राग येतो, हेवा वाटत नाही. सरकार त्या खोलीला कुलूप लावून विसरून जाईल, आणि धाकटीला माझ्याइतकीच भिंत मिळेल.

८. इथवर लिहून झालं आणि धाकटी आली. दार वाजवायची तिला सवय नाही. पेपरवाला साक्षीला येणार आहे हे तिला त्याच्याकडूनच कळलं होतं. तो तिच्या मागेच उभा होता.

"ताई, दुसरा साक्षीदार मिळाला का?"

"येईल कोणीतरी."

"मग मीच करते सही."

वकीलसाहेब घाईने म्हणाले, "तुम्ही नका करू. साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुमच्या नावे इथे काही असेल तर ते जाईल."

"म्हणून तर करते," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "ताई, यात माझ्या नावे काही असेल तर ते या सहीने जाईल. नसेल तर काही बिघडत नाही. माझ्या अर्ध्या घराकडे बघून तू जन्मभर जळलीस, मला काय कळत नाही? तुझं अर्धंही माझ्याकडे येईल या धास्तीने आता तुला झोप लागत नाही. मी सही करते म्हणजे तू निवांत होशील. आण ते पेन."

तिने पेन घेतलंही. मी तिच्याकडे बघत राहिले. तिचेही केस पूर्ण पांढरे झाले आहेत. उजेड तिला, साहेब तिचे गिऱ्हाईक, मंत्र्यांचा गुच्छ तिला, आमच्या यजमानांच्या सकाळी तिला. आणि आता घर सोडून द्यायचं मोठं मनही तिनेच दाखवायचं? मी गेल्यावर लोक म्हणणार, थोरलीने मरताना सरकारला दिलं आणि धाकटीने हसत सही केली. तेवढं एक तरी मी तिला मिळू देणार नव्हते.

"ठेव ते पेन," मी म्हटलं.

"का?"

"तुला सही करता येणार नाही. घर तुझ्याच नावे लिहिलंय."

वकीलसाहेबांनी छताकडे पाहिलं. धाकटीने पेन खाली ठेवलं, पदराने डोळे पुसले आणि निघून गेली. मी तिच्यासमोर खोटं बोलले होते. आता ते खरं करण्यावाचून गत्यंतर नाही.

सबब कलम सातमधलं नाव बदललं. घराचा माझा अर्धा भाग मी धाकट्या बहिणीला देत आहे. अट एकच. त्या भागावर राज्य सरकार जो काही कर बसवेल तो तिने दरवर्षी मुदतीच्या आत, स्वतः रांगेत उभं राहून भरावा. कोणतीही अभय योजना घेऊ नये. एका वर्षी जरी चुकली तरी हा भाग सरकारजमा व्हावा. मुदतीत भरणं म्हणजे काय असतं ते तिला एकदा कळू दे. रांगेत बाक असेल, त्यावर तिला बसू द्यावं.

ठिकाण: माझी पुढची खोली, बल्बखाली.

तारीख: यंदाचा कर भरायच्या मुदतीचा आदला दिवस. माझा भरून झाला आहे.

सही: थोरली, रफूवाली.

साक्षीदार: (१) समोरचा केस कापणारा. (२) नळ दुरुस्त करणारा, जो याच वेळी मोरीत काम करत होता. पेपरवाल्याला खुर्ची दिली असल्यामुळे वकीलसाहेबांनी त्याची सही घेतली नाही; तो थोडा नाराज होऊन गेला.

खाडाखोडीची नोंद: कलम सातमधील "राज्य सरकारला" हे शब्द मी स्वतः खोडून त्यावर "माझ्या धाकट्या बहिणीला" असं लिहिलं आहे. खाडाखोड मला मान्य आहे. खोडलेलं नाव अजून स्पष्ट वाचता येतं. हा कागद मी जिवंत असेपर्यंत तिला दाखवू नये. नंतर ती वाचेल, आणि खूप भांडेल, आणि तेव्हा पलीकडून उत्तर द्यायला मी नसेन, याचंच मला आत्ता वाईट वाटतं आहे.