जोर करायचा नाही

३ नोव्हेंबर
आजपासून दोन महिने रजा. साहेबांना सांगितलं, वडिलांना पॅरालिसिसचा झटका आलाय, उजवी बाजू गेलीय, सेवा करायची आहे. साहेब गहिवरले. मीही गहिवरलो. घरी आलो आणि थेट शेडचं कुलूप काढलं.

बाबांची मोटारसायकल. माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून बंद. किक मारली. किक ढिम्म, मीच वर उडालो. म्हणजे इंजिन जाम. पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटलाय, एवढंच. आठवड्याभराचं काम.

लहानपणी बाबा मला पुढे टाकीवर बसवायचे. ॲक्सिलरेटरवर माझा हात, त्यावर त्यांचा. प्लॅन असा: २७ डिसेंबरला, बाबांच्या वाढदिवशी, ॲक्सिलरेटरवर त्यांचा हात आणि त्यावर माझा. उजव्या हातात सध्या जीव नाही, पण माणसाला बरं व्हायला काही कारण हवं ना.

४ नोव्हेंबर
बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाताना बजावलं: अंघोळ कामाच्या मावशी घालतील, हाताचा व्यायाम मात्र तुम्हीच घ्यायचा. म्हटलं, काळजी करू नकोस, बाप माझा आहे. म्हणाली, म्हणूनच काळजी आहे.

५ नोव्हेंबर
फिजिओ बाई येऊन सगळं दाखवून गेल्या. कोमट शेक द्यायचा, तेल लावायचं, मग एकेक बोट हळूहळू उघडायचं. रोज थोडं थोडं. जोर करायचा नाही. खंड पडला तर हात आखडून कायमचा जाम होईल. बाकीचा वेळ मुठीत नॅपकिनची गुंडाळी ठेवायची, म्हणजे मूठ मिटून बसणार नाही. बायकोने फोनवर हे सगळं माझ्याकडून वदवून घेतलं.

अत्यंत शास्त्रशुद्ध सल्ला. दुपारी इंजिनाला लागू केला.

७ नोव्हेंबर
व्यायाम घेतला. दुसऱ्याच बोटाला बाबा ओरडले. बोलता येत नाही त्यांना, नुसतं 'आ'. गाडीवरून पडून हाड मोडलं तेव्हा हा माणूस डॉक्टरांशी गप्पा मारत बसला होता. मला ते ओरडणं ऐकवलं नाही. बोट सोडून दिलं.

सेवा म्हणजे शेवटी काय, त्रास न देणं. शेडमध्ये जाऊन स्पार्क प्लगच्या भोकातून इंजिनात डिझेल आणि तेल ओतलं. इंजिन ओरडत नाही.

९ नोव्हेंबर
संकल्प: आधी बाबा, मग गाडी.

सकाळी आधी गाडी घ्यावी लागली, कारण शेडमध्ये उजेड सकाळीच असतो. नंतर बाबांचा डोळा लागला होता. झोपलेल्या माणसाला उठवू नये.

१२ नोव्हेंबर
फिजिओ बाईंची फेरी. विचारलं, रोज करता ना? म्हटलं, शेक, तेल, रोज, न चुकता. यात एक अक्षर खोटं नाही. हात जरा कडक वाटतोय म्हणाल्या. त्या बोटं उघडायला बसल्या तेव्हा मला शेडमध्ये काम निघालं.

१८ नोव्हेंबर
सिलिंडरचं हेड काढलं. एक बोल्ट तुटला, ते मनाला लावून घेतलं नाही. आत गंजलेला पिस्टन. त्यावर तेल भरून ठेवलं. आता कचरा पडू नये म्हणून सिलिंडरच्या तोंडाला बोळा हवा, आणि फडकी सगळी संपलेली.

बाबांच्या मुठीतली गुंडाळी नेमकी त्या मापाची निघाली. काढून घेतली. बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. म्हटलं, बाबा, दोनच मिनिटं.

२३ नोव्हेंबर
नात झाली. बायकोने फोटो पाठवला, पोरीच्या दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या. घराण्याची ग्रिप. बाबांना दाखवला, अर्ध्या तोंडाने हसले.

बायकोने विचारलं, मुठीत नॅपकिन असतो ना? म्हटलं, नॅपकिन जागचा हललेला नाही. फोन ठेवल्यावर वाटलं, आज दुसरा ठेवावा. कपाटाकडे निघालो होतो, वाटेत शेड लागली.

२ डिसेंबर
मावशी म्हणाल्या, मूठ उघडत नाही, तळहात धुता येत नाही. इतकी चांगली बातमी ही बाई असं तोंड करून सांगते. मूठ घट्ट झाली म्हणजे ताकद आली. ॲक्सिलरेटरला दुसरं काय लागतं? फिजिओ बाईंना फोन केला, काही दिवस नाही आलात तरी चालेल, आमचं छान चाललंय.

मावशी असंही म्हणाल्या की बाबा दिवसभर दाराकडे बघत असतात. गाडीची वाट बघत असणार, दुसरं काय.

११ डिसेंबर
पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून रोज हळू ठोकतोय. हूं नाही की चूं नाही. आज संताप आला, मोठी हातोडी उचलली. बाईंचे शब्द आठवले, खाली ठेवली. धीर माझ्या रक्तातच आहे.

१९ डिसेंबर
पिस्टन हलला. केसभर, पण हलला. शेडमध्ये एकटाच रडलो. शेक, तेल, रोज थोडं थोडं. बाईंचे पायच धरायला हवेत.

धावत जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी डावा हात पुढे केला. तो हातात घेतला आणि लगेच परतलो, पिस्टनच्या रिंगा साफ करायच्या होत्या. मागून 'आ' ऐकू आलं. आनंदाचं असावं.

२६ डिसेंबर
सगळं जोडलं. किक मारली, धूर झाला, चालू. मावशी हातातली बादली ठेवून बघायला आल्या. मी जिंकलो.

२७ डिसेंबर
बाबांची व्हीलचेअर गाडीला खेटून उभी केली. इंजिन चालू. बाबांचा डावा हात न सांगता क्लचवर गेला. दाबला त्यांनी, जुन्या सवयीने. मग माझ्याकडे बघत थांबले.

उजवा हात मी उचलून ॲक्सिलरेटरजवळ नेला. मूठ उघडेना. करंगळीपासून सुरुवात केली, तीही सुटेना. मी जोर केला. बाबा ओरडले, आणि इंजिन धडधडत असूनही मला ते ऐकू आलं. नखं तळहातात रुतून आत जखमा झाल्यात.

गाडी बंद केली. बाबांनी डाव्या हाताने क्लच तसाच दाबून धरलेला होता.

२८ डिसेंबर
फिजिओ बाई आल्या. बराच वेळ हात बघितला. म्हणाल्या, आता फार आशा धरू नका.

मी विचारलं, कोमट शेक, तेल, रोज थोडं थोडं? म्हणाल्या, हेच मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. म्हटलं, हो, पाठ आहे मला.

बायकोला फोनवर सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, नॅपकिन कुठे आहे?

३१ डिसेंबर
नॅपकिन तीनदा धुतला, काळा डाग जात नाही. नवा आणला. त्याचं टोक बोटांच्या फटीत सरकवतो, ते बाहेर येतं.

सकाळी शेक, तेल, मग करंगळी. बाबा ओरडले. उठून जावंसं वाटलं, गेलो नाही. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि धरूनच बसले. तेव्हा कळलं, दाराकडे कुणाची वाट बघत होते ते.

करंगळी हलली नाही. रजा परवा संपते.