मुकुंदवाडीची बी-व्हॅल्यू

५ जानेवारी २०२६, सकाळी
पेपरात अमेयचा फोटो. सरासरी काढायला माझ्याकडे शिकला, आता भूकंपाची पूर्वसूचना शोधतो म्हणे. २४ला आमच्याच कॉलेजात त्याचा सत्कार. मला जळफळाट वगैरे नाही. फोटो मात्र जुना आहे, आता टक्कल पडलंय.

८ जानेवारी
मागवलेला भूकंप मोजायचा सेन्सर आला. जिन्याखाली, रस्त्याच्या बाजूला बसवला. अमेयची सगळी विद्या एका ओळीची: लहान धक्के कमी होऊन मोठे वाढले, म्हणजे बी-व्हॅल्यू घसरली, की सावध व्हावं. हे मीही सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

१४ जानेवारी
धक्के! रोज सकाळी साडेसहा, दुपारी साडेतीन. बायकोला, अश्लेषाला सांगितलं. ती म्हणाली, आज संक्रांत आहे, अमेयला फोन करून गोड बोला. केला नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार
जमीन शांत. गेल्या शुक्रवारीही शांतच. यात काहीतरी खोल आहे. अमेयच्या बापालाही सापडायचं नाही.

२० जानेवारी
बी-व्हॅल्यू धाडकन घसरली! लहान धक्के जवळजवळ बंद, मोठे दुप्पट. गणित केलं. २४ तारीख, दुपारी साडेतीन. नेमकी सत्काराची वेळ! मी काय करणार, आकडे बोलतात. सत्कार पुढे ढकला, असं पत्र प्राचार्यांना दिलं. ते म्हणाले, गुरू म्हणून तुम्हीच बोलायचं, असा अमेयचा हट्ट आहे. मी येणार नाही म्हणून सांगितलं.

२४ जानेवारी, संध्याकाळी
दुपारी आईला आणि अश्लेषाला घेऊन समोरच्या मैदानात बसलो. लॅपटॉप मांडीवर. बरोबर साडेतीनला रेघ उडाली. मी ओरडलो. आईनं रामरक्षा सुरू केली. तेवढ्यात गतिरोधकावरून वाळूजची बस धडधडत गेली. बसच्या खिडकीतून शेजारचा शिवराज ओरडला, सर, इथं काऊन बसले?
अश्लेषा म्हणाली, त्याच्या कंपनीनं सोमवारपासून जीपा बंद करून मोठ्या बस लावल्यात. शुक्रवारी सुट्टी असते. तो बघा, तुमचा भूकंप हात करतोय.

२५ जानेवारी
अमेय घरी आला. कालची शाल माझ्या अंगावर घातली. तुमची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती, म्हणाला. फार लाज वाटली.
मग त्यानं माझे आकडे मागितले. घाईत माणूस कसा चुकतो, ते विद्यार्थ्यांना दाखवायचंय. खाली तुमचं नाव टाकू का, म्हणून विचारलं.
मी म्हटलं, टाक. पण तुझ्या नावाच्या वर.