अंगठ्यातल्या अळ्या

६ मार्च
ह्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या जखमेला आज नववा दिवस. तलावात जाळं ओढताना मासळीचा काटा रुतला, इतकंच. पण शुगर आहे. हे म्हणतात, "दुखत नाई ना, मंग कायले भेतेस?" दुखत नाही हीच तर भीती. आशा कार्यकर्ती म्हणून गावभर हेच सांगत फिरते, घरात ऐकतो कोण. चंद्रपूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, अंगठ्याचं काळं पडलेलं वर सरकलं तर अर्धं पाऊल काढावं लागेल. पट्टी रोज बदलायची.

१० मार्च
तीन दिवस सर्व्हेत गेले. तलाव उतरला, मासळी भरपूर. अंगणात वाळत घातली. हे नुसते बसूनच असतात, म्हणून मीच म्हटलं, मासळीजवळ खाट टाका अन् कावळे हाका. पट्टी उद्या बघते.

११ मार्च
पट्टी सोडली. अळ्या.
मासळीवरच्या माश्या, दुसरं काय. ओल्या पट्टीचा माणूस तिथं मीच नेऊन बसवला. सासूबाई सीताफळाचा पाला वाटायला बसल्या, बैलाच्या जखमेला लावतात तसा. मी नको म्हटलं. शेजारीण डोकावली तेव्हा दार लोटून घेतलं. दुसऱ्याच्या घरी हे दिसलं असतं तर काय काय बोलले असते मी! आधी लाज वाटली, काळजी मागून आली. खरं ते लिहिते.

१२ मार्च
चंद्रपूर. बाईंनी विचारलं, अळ्या दिसायच्या आधी पट्टी कधी बदलली होती? "परवा," मी म्हटलं. खोटं. चार दिवस झाले होते.
अळ्या काढल्या, जखम धुतली, मग बाई वाकून बघतच राहिल्या. मला वाटलं, गेलं पाऊल. तर मला जवळ बोलावलं. खाली गुलाबी मांस.
"सडलेलं तेवढं खाल्लंय त्यांनी. काही ठिकाणी दवाखान्यात स्वच्छ अळ्या वाढवून मुद्दाम जखमेवर सोडतात, त्यांच्या लाळेनं जंतू मरतात. पण ह्या घाणीतल्या माशीच्या. नशीब समजा, इलाज समजू नका."
बसस्टँडवर हे खुशीत, दोन समोसे मागत होते. शुगर! मला खोटं टोचत होतं. शेवटी बाईंना फोन करून खरं सांगितलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, रोज दोनदा बघा, तिळाएवढं काळं दिसलं तरी त्याच दिवशी घेऊन या.

१५ मार्च
सकाळ-संध्याकाळ बघते. गुलाबी. स्वप्नातही पट्टीच सोडते आहे.
आज हे टाचेवर उभं राहून रिकाम्या हातानं जाळं फेकून बघत होते. तोल गेला, भिंत धरली. मला बघून म्हणाले, "बोटं गेली तं पाण्यावर हलत्या डोंग्यात उभा कसा राहू? सारा जोर अंगठ्यावरच असते." ओरडायला गेले होते, हात धरून खाटेवर बसवलं.

१७ मार्च
सकाळी पट्टी सोडली. दुसऱ्या बोटाच्या कडेला काळं, तिळाएवढंच. औषधाचा डाग असेल. धुतलं. गेलं नाही. थोडं फिकं झालं का? की मला तसं हवंय म्हणून?
ह्यांनी माझं तोंड वाचलं. "आजचा दिवस थांब. नेलं तं कापतीन."
पिशवी भरली, रिपोर्ट घातले. सातची बस आली. ड्रायव्हर ओळखीचा, गरोदर बायांना घेऊन नेहमी जाते मी. थांबून राहिला बिचारा. मी दारातूनच हात हलवून नाही म्हटलं.
गावात दुसरं कोणी असं थांबलं असतं तर दंड धरून चढवलं असतं मी बसमध्ये.
बोटाचा फोटो काढलाय. बाईंना पाठवला नाही.
पुढची बस अकराला. साडेदहा झाले. हे भिंतीकडे तोंड करून पडलेत, झोपले नाहीत. उठून त्यांना चला म्हणायचं आहे, अन् मी लिहीत बसले आहे.