चिंचेचा चौक सुलट करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
चौक सुधारणा व सुशोभन कक्ष,
कोल्हापूर.

विषय : चिंचेच्या चौकातील श्रीमती लालबी कुतुबुद्दीन नदाफ यांचे घर पाडण्याची नोटीस रद्द करण्याबाबत, तसेच सदर चौक सुलट करून मिळण्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस क्र. चौसु/अति/११७, दि. २ मे १९७९.

महोदय,

१. अर्जदार सदर चौकात बेचाळीस वर्षे राहत असून तंत्रविद्यालयात आरेखन शिकून पुढे तोच विषय शिकवून निवृत्त झाला आहे. शेजारीण लालबी वाकळा शिवून पोट भरतात. त्यांना लिहिता येत नसल्याने त्यांच्या संमतीने हा अर्ज सादर करीत आहे. आपल्या नोटिशीनुसार त्यांचे घर सार्वजनिक गटारीवर अतिक्रमण करून उभे आहे व ते २१ मेपर्यंत त्यांनी स्वतः पाडावयाचे आहे. गटार चौकाच्या पूर्वेस आहे. घर पश्चिमेस आहे. मध्ये अठ्ठेचाळीस फूट रुंदीचा चौक आहे. इतक्या अंतरावरून अतिक्रमण कसे करतात, हे अर्जदारास कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळले नाही.

२. या चौकाचा नकाशा आपल्या कक्षाचे आरेखक श्री. शंकरप्पा यांनी सेवानिवृत्तीपूर्वी तयार केला होता. त्यासाठी ते आठ दिवस चौकात स्टूल टाकून बसले व दर तासाला चिंचेची सावली खडूने आखीत गेले. भाजी-माळवं विकणाऱ्या चिमणाबाईंनी त्यांना घरी बायकोनं हाकललंय काय, असे विचारल्याचे स्मरते. त्यांनी रागावण्याऐवजी चिमणाबाईंच्या गुडघ्याची उंची विचारून घेतली व कट्टा तेवढाच धरला. कट्टा पश्चिमेस, दुपारच्या सावलीत. पायऱ्या बोळाच्या तोंडाशी. नळाच्या ओट्याचा उतार पूर्वेच्या गटारीकडे. गृहस्थ चंदगडच्या पावसात वाढलेले. पाणी कोठे जाते हे त्यांना शिकवावे लागले नव्हते. चार माणसे बिनकामाची, भांडणाविना एकत्र बसू शकतील असा नकाशा अर्जदाराने नोकरीच्या काळात क्वचितच पाहिला.

३. प्रत्यक्षात कट्टा, पायऱ्या व नळाचा ओटा यांचे बांधकाम गेल्या मार्चमध्ये पूर्ण झाले. कट्टा पूर्वेस, गटारीच्या डोक्यावर आला असून दुपारी बसणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन व नाकात गटार जाते. पायऱ्या बोळाऐवजी पिठाच्या गिरणीच्या भिंतीस भिडल्या आहेत. नागरिक चार पायऱ्या चढतात, भिंत पाहतात व उतरतात. नळाचा उतार पश्चिमेस, थेट लालबींच्या उंबऱ्याकडे आहे. नळ सुटला की त्या प्रथम वाकळा खुंटीवर टाकतात व मग घागर उचलतात.

४. कारण शोधण्यासाठी अर्जदाराने आपल्या कार्यालयात नकाशाची निळी प्रत (ब्लूप्रिंट) पाहिली. प्रत काढताना ट्रेसिंग कापड पालथे ठेवले गेले होते. पूर्व पश्चिमेस व पश्चिम पूर्वेस गेली होती आणि साहजिकच सर्व अक्षरे उलटी उमटली होती. हे निदर्शनास आणताच आपले फोरमन श्री. पिराजी म्हणाले, "मास्तर, ते कानडी हाय. शंकरप्पानं काढलंय न्हवं? तुम्हाला न्हाय कळायचं." आकडेही कानडीच समजून त्यांनी मापे पट्टी लावून घेतली होती. मापांत सूतभरही चूक नाही, हे नमूद करणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो.

५. अर्जदाराची मातृभाषा कानडी आहे. सदर अक्षरे कानडी नाहीत, असे त्याने लेखी कळविले. त्यावर, अर्जदार भाषातज्ज्ञ नसल्याने नकाशाची एक प्रत भाषांतरासाठी पाठविण्यात आली असल्याचे उत्तर मिळाले. तेथून ती अद्याप परतलेली नाही. भाषांतरकाराविषयी अर्जदारास सहानुभूती आहे.

६. दरम्यान उर्वरित चौक नकाशाबरहुकूम करण्याचे काम चालूच आहे. पूर्वेस झाड आढळले नाही म्हणून तेथे लोखंडी जाळी बसविली आहे. आपले शिपाई आकाराम रोज सकाळी त्या रिकाम्या जाळीत दोन बादल्या पाणी घालतात. आत काहीच नाही, असे सांगितल्यावर "आपल्याला पाणी घालायचा हुकूम हाय, झाडाचा न्हाय," असे त्यांचे म्हणणे पडले. पश्चिमेच्या शंभर वर्षांच्या चिंचेवर 'अनधिकृत' असा शिक्का मारला आहे. आणि नकाशात गटार पश्चिमेस असल्याने लालबींचे घर गटारीवर आले.

७. सुनावणीच्या दिवशी लालबींनी आपणासमोर एवढेच सांगितले होते : "सायब, माझं घर गटारीवर न्हाय. तुमीच गटार माझ्या घरावर काढलीसा." घर बांधल्यापासूनच्या एकोणसाठ वर्षांत त्यासंबंधी इतके नेमके तांत्रिक निवेदन कोणी केले नसावे. आपण ते तोंडी असल्याने नोंदविले नाही. म्हणून येथे नोंदवीत आहे.

८. नकाशा व चौक यांत मेळ हवा, हे अर्जदारास शंभर टक्के मान्य आहे. मात्र त्यासाठी सूर्य, चिंच, गिरणी आणि एक विधवा यांना हलविण्यापेक्षा एक कागद पालथा करणे सोयीचे पडेल. तरी प्रथम नोटीस रद्द करावी, नंतर नळाचा उतार फिरवावा. कट्टा व पायऱ्या सवडीने झाल्या तरी चालतील. ऊन आणि भिंत यांची आता सवय झाली आहे. मूळ ट्रेसिंग सापडत नसल्यास सोबत पाठविलेली वस्तू निळ्या प्रतीच्या कडेस उभी धरावी. सर्व मजकूर मराठीत दिसू लागेल.

२१ तारखेपूर्वी उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
सिद्धलिंग शिवलिंग तोडकर
निवृत्त आरेखन शिक्षक

श्रीमती लालबी कुतुबुद्दीन नदाफ यांचा डाव्या हाताचा अंगठा

कोल्हापूर, दि. ९ मे १९७९

सोबत :
(१) नोटिशीची प्रत.
(२) चौकाचा हस्तनकाशा, सुलट.
(३) आरसा, नऊ इंच बाय सहा इंच, नग एक.

टीप : अ. क्र. ३ काम होताच परत पाठवावा. तो लालबींच्या घरातील पश्चिमेकडील भिंतीवरचा आहे. खिळा अद्याप तेथेच आहे.