टिंग कुणी चोरली?

सोमवार, ३ मार्च

गायिका चमकीबाई परत आल्यात! म्हणजे मुळात गेल्याच नव्हत्या, हे आधी मान्य करू. मला आपलं वाटत होतं, गेल्या. श्रद्धांजलीचे दोन परिच्छेद मनातल्या मनात तयारही होते. चांगले होते, वाया गेले.

परीक्षणासाठी आलेला त्यांचा अल्बम खालच्या मजल्यावरच्या काकांनी वर आणून दिला. कुरिअरवाला म्हणे आमच्या दारात उभा राहून बेल बडवत होता, शेवटी कंटाळून त्यांच्याकडे टाकून गेला. मी घरातच होतो! बेल बिघडलीय हे या घरात माझ्याशिवाय कुणाच्याही लक्षात येत नाही. बायको म्हणते, "वाजते की." तिच्या मते या घरात सगळंच व्यवस्थित चालू असतं, एक मी सोडून.

तर 'सोनेरी वीस'. वीस गाणी, एक सीडी, आणि डबी इतकी पातळ की उघडताना बिजागरीच हातात आली. दुकानात हे गल्ल्याशेजारी टांगलेलं असतं — बॅटरीचे सेल आणि खोकल्याच्या गोळ्या यांच्या मधे. वर बाईंचा फोटो. सत्तरीच्या बाईला इस्त्री फिरवून तिशीची केलीय, फक्त मानेवर फिरवायची राहिली. आत पुस्तिका वगैरे काही नाही, एक घडी घातलेला चिटोरा. त्यावर 'अजरामर गीते'च्या जागी छापलंय 'आजारामर गीते'. अर्धं परीक्षण तर यांनीच लिहून दिलं!

मंगळवार, ४ मार्च

ऐकलं. सलग, कान टवकारून, दार लावून.

पहिली चार गाणी म्हणजे सरबराई. दोन वेगवेगळ्या प्रियकरांना एकाच चालीत बोलावलंय, त्यामुळे दोघंही एकदम येतील अशी भीती. पाचव्यात सॅक्सोफोनवाला कुणाशी तरी भांडून आलेला. सहाव्यात बाई नुसत्या उसासे टाकतात, गाणं कोरस म्हणतो. आणि तरीसुद्धा — च्यायला, बाई गाते! मस्करी करायला बसलो आणि दोनदा पेन खाली ठेवावं लागलं. हा निर्लज्ज, खुशाल आवाज आता कुणाकडे नाही. आताच्या पोरी गाताना माफी मागत असतात.

मग सातवं. 'कोण आलं?'

हे गाणं आलं तेव्हा मी कॉलेजात होतो. बाई विचारते, "कोण आलं?" मग दाराची बेल — टिंग! मग परत, "कोण आलं?" बस. एवढंच गाणं. पण त्या टिंगवर आमची अख्खी पिढी उभी राहायची, जसं काही आपल्याच दारात कुणी आलंय. ती टिंग म्हणजे गाण्याचा प्राण. बाकी सगळं शरीर, आणि तेही बेताचंच.

आज सीडी लावली. "कोण आलं?" — ठणठणाट — "कोण आलं?"

कुणीच नाही आलं, बाई! टिंग नाही!

तीनदा लावलं. नाही! झांजाही बसलेल्या, सगळं गाणं गोधडीत गुंडाळल्यासारखं. प्रकार उघड आहे. कंपनीने जुन्या टेपची खरखर काढायला यंत्र फिरवलं आणि खरखरीबरोबर टिंगही पुसून टाकली. केरासोबत दागिना फेकला, गाढवांनी.

बायकोला बोलावून ऐकवलं. म्हणाली, "आहे की टिंग." आहे म्हणे! याला म्हणतात कच्चा कान. जिथे टिंग असायची तिथे मन आपोआप टिंग भरतं, हे तिला कसं समजावणार? सोडून दिलं. मोठेपणा माझा.

बुधवार, ५ मार्च

परीक्षण धाडलं. पाचपैकी दीड तारा. एक बाईंना, अर्धा त्या 'आजारामर'ला. मथळा — 'टिंग कुणी चोरली?' कंपनीला चोर म्हटलं नाही. 'सफाईदार' म्हटलं.

शुक्रवार, ७ मार्च

आज उगाच एक लक्षात आलं. बायको गुणगुणायची थांबलीय. लग्न झालं तेव्हा सतत चालायचं — भांडी विसळताना, केस विंचरताना, माझ्यावर चिडलेली असतानासुद्धा. वाटेल ते गाणं, वाटेल त्या पट्टीत. मी तेव्हा म्हणायचो, "अगं, सूर सोडून सगळं लागतंय." आता घर गप्प असतं. कधी थांबली कोण जाणे. विचारणार होतो. पण संसारात असले प्रश्न विचारू नयेत. उत्तर मिळतं.

रविवार, ९ मार्च

'कानोसा', म्हणजे माझं सदर, छापून आलं. मोठ्या अक्षरात. बायकोने वाचून पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाली, "अहो, एकदा डॉक्टरांकडे जाऊन या ना." मी म्हटलं, "डॉक्टर काय करणार? टिंग कंपनीने काढलीय." तिने कपाळावर हात मारला.

दुपारी फोन. नंबर अनोळखी. "तुम्हीच का ते कानोसावाले?" — असा खणखणीत आवाज की फोन हातभर लांब धरला. चमकीबाई! स्वतः!

मला वाटलं, आता उद्धार होणार. दीड तारा म्हणजे काय गंमत आहे का! पण बाई म्हणजे बाई. "दीड का असेना, पण एक तरी माणूस निघाला ज्याला ऐकू येतं! अहो, मी त्या कंपनीच्या पोरांना घसा फोडून सांगतेय, टिंग नाही! तर म्हणतात, आहे. मला वेड्यात काढतात! मी गायलेलं गाणं, मी वाजवलेली टिंग!"

"तुम्ही वाजवली?"

"मग? वाजवणारा आलाच नव्हता त्या दिवशी. रेकॉर्डिस्टच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास आणि चहाचा चमचा. ती टिंग!"

मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं मी ज्या टिंगवर जीव टाकला, ती चहाचा चमचा निघाली. आणि तरी जीव कमी झाला नाही. मूळ टेप त्या रेकॉर्डिस्टकडे अजून आहे म्हणे. बाई म्हणाल्या, "लढायचं!" मी म्हटलं, "लढायचं!"

मंगळवार, ११ मार्च

कंपनीचं पत्र ऑफिसात पोचलं. टिंग नाही हे सिद्ध करा, नाहीतर माफी छापा.

पुरवणीची संपादक — माझ्या मुलीच्या वयाची, मला 'सर' म्हणते आणि माझी वाक्यं कापते — तिने केबिनमध्ये बोलावलं. "सर, आमच्या सगळ्यांनी ऐकलं. टिंग आहे."

"तुमच्या हेडफोनात मनाचं ऐकू येत असेल."

"सर, प्लीज. वरून निरोप आलाय. माफी छापावी लागली तर कानोसा बंद. माझ्या हातात काही नाही."

बाहेर येऊन जिन्यात बसलो. घाबरलो, इथे लिहायला काय हरकत आहे? मला गाता येत नाही. वाद्य हातात धरलं तर शेजारी भाडं सोडून जातील. दुसरे गातात, मी ऐकतो, एवढाच माझा धंदा. हे दोन कान बाजूला काढले तर मागे उरतं काय? चष्मा अडकवायला जागासुद्धा नाही.

पण पुरावा आहे! टेप आहे! शनिवारी रेकॉर्डिस्टकडे जाऊन बघून घेऊ.

गुरुवार, १३ मार्च

बायको म्हणतेय, मीही येते. कशाला? "चमकीबाई बघायला." बरं.

शनिवार, १५ मार्च

सावकाश लिहितो.

रेकॉर्डिस्टचा स्टुडिओ म्हणजे आता एक खोली. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले. हल्ली तो लिफ्टमधल्या सूचना रेकॉर्ड करतो, 'कृपया दारापासून दूर उभे राहा'. चमकीबाई आधीच येऊन खुर्चीत बसलेल्या. जॅकेटला इतक्या टिकल्या की खोलीत दिवा लावायची गरज नव्हती. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली, आणि मग परक्यांसमोर ज्या बाईचं कधी तोंड उघडत नाही ती म्हणाली, "तुमची सगळी गाणी येतात मला." बाई म्हणाल्या, "काय?" बायकोने परत सांगितलं. बाई म्हणाल्या, "अं?" तिसऱ्यांदा पोचलं.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी लढायला गेलो होतो ना!

टेप चढवली. चाकं फिरली. "कोण आलं?" — काही नाही — "कोण आलं?"

मी टाळीच वाजवली. "बघा! टेपवरूनसुद्धा!"

बाई उठून उभ्या राहिल्या. "इथूनही चोरली! तुमच्या कपाटाला कुलूप असतं की नाही?"

रेकॉर्डिस्टने माझ्या बायकोकडे बघितलं. बायकोने चपलांकडे. मग तो आपल्या वायरी नीट करायला लागला, नीटच असलेल्या. मी आपला सुटलोय! कट आहे, टेप झडलीय, कंपनीचा माणूस इथे येऊन गेला असणार... काय काय बोललो!

बायको उठली. चहाच्या ट्रेमधला चमचा घेतला, पाण्याचा ग्लास घेतला, आणि आमच्या दोघांच्या समोर येऊन उभी राहिली. चमचा मारला.

मी बघितला तो लागताना. पाण्यावर गोल लाट उठली. रेकॉर्डिस्टने किंचित डोळे मिटले, चांगला सूर लागल्यावर मिटतात तसे. आणि मला ऐकू आलं — टप. ओल्या पुठ्ठ्यावर बोट मारावं तसं.

"परत मार," मी म्हटलं.

तिने परत मारला. टप.

बाई म्हणाल्या, "मारतेय कुठे? नुसती दाखवतेय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे. आणि बाई हसायला लागल्या. साधं नाही, जॅकेटच्या टिकल्या गळून पडेपर्यंत! "अहो कानोसा! आपण दोघं ठार बहिरे झालोय हो! आणि निघालोय फिर्याद करायला!"

मला नाही हसू आलं. मला रडायला आलं, आणि रडलोही, तिथेच, पुठ्ठ्यांच्या खोलीत. बायको म्हणाली, "केव्हाची सांगतेय मी, बेल चालू आहे." रागाने नाही म्हणाली. त्याचाच जास्त त्रास झाला.

रविवार, १६ मार्च

कानाला खडा.

मंगळवार, १८ मार्च

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी एका पेटीत बसवलं आणि म्हणाल्या, आवाज आला की बटण दाबा. मी पुष्कळ वेळ आवाजाची वाट बघत बसलो. बाहेर आल्यावर कळलं, परीक्षा केव्हाच संपली होती.

कागदावर माझ्या कानांचा आलेख. डावीकडे ठीकठाक, उजवीकडे बागेतली घसरगुंडी. बारीक, उंच आवाज गेलेत. हळूहळू गेलेत, म्हणून कळलं नाही. वय आहे, आणि "फार मोठ्याने ऐकलंत हो तुम्ही आयुष्यभर." ते मात्र खरं. मशीन बनून यायला थोडे दिवस लागतील.

चमकीबाईंचा फोन आला — त्यांच्या बाजूने ओरडणं, माझ्या बाजूने ओरडणं, काका खालून वर बघायला आले. बाईंचा एकच प्रश्न. "मशीनला टिकल्या लावून मिळतात का?"

गुरुवार, २० मार्च

माफी लिहिली. कुणी सांगितलेली नाही तशी. मथळा — 'कानउघाडणी'.

'टिंग आहे. परीक्षक नाही. कंपनीने टिंग चोरलेली नाही. मी स्वतःच माझ्या घरातून, बेलेसकट, हरवून बसलो होतो. वाचकांनी अल्बम घ्यावा. चिटोऱ्यावरची चूक खरी आहे, ती मी डोळ्यांनी वाचली आहे. तारे किती ते सांगण्याचा हक्क सध्या माझ्याकडे नाही.'

संपादिकेने वाचलं. एकही वाक्य कापलं नाही. इतकी भीती मला बंद करण्याच्या निरोपानेही वाटली नव्हती! म्हणाली, "सर, हे वर दाखवते. बघू काय म्हणतात."

बघू.

मंगळवार, २५ मार्च

वरून उत्तर नाही. मशीन उद्या मिळणार. बायकोला म्हटलं, आधी सातवं गाणं ऐकणार, मग बाकी जग. ती म्हणाली, "ऐका की." आणि आत गेली.

बुधवार, २६ मार्च

मशीन लावलं. घर भयंकर आवाज करतं! पेपर करकरतो, पंखा बोलतो, माझीच चप्पल माझ्या मागे लागते. गाणं लावायला उठलो आणि थांबलो. आतून येत होतं, बारीक, सूर सोडून — "कोण आलं?" मग तोंडानेच "टिंग", मग परत "कोण आलं?" बायको भांडी विसळत होती. दारात जाऊन म्हटलं, "परत कधी सुरू केलंस?"

तिने वळून माझ्याकडे बघितलं. "बंद कधी केलं होतं?"