तिसऱ्या आवाजाची सोय

जोहे, ता. पेण

तीर्थस्वरूप सखामामांना जितेशचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामीने सांगितलेलं तेल लावता की अजून डॉक्टरांनाच नावं ठेवता? आमच्याकडे सगळे ठीक. कारखान्यात गणपती रंगाला आले आहेत, आणि रंगवताना मी फोनवर जमैकाची रेगे गाणी लावतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच (तुम्ही त्यांना ‘आजारी माणसाचं भजन’ म्हणालात, तेही मला ठाऊक आहे). त्यातली मोठी नावं आता टी-शर्टांवरही दिसतात. मला ओढ मागे राहिलेल्यांची. एक पुढे गातो, दोघे मागून आवाज मिळवतात, दोन-चार रेकॉर्डी निघतात, आणि मग त्यांचं नावही कुणी घेत नाही. इतकं गोड गाऊन! तेव्हाच ठरवलं, निदान आपल्या भागात तरी तसं तिघांनी गायचं.

पहिला प्रयत्न तुमच्याच रोह्यात, देवळाच्या उत्सवात झाला. मी पुढे, कारखान्यातले आदेश आणि निकेश मागे. रेगेत ठोका सोडून मधल्या जागी वाजवतात, म्हणून मी टाळही तसाच धरला. पण आपली माणसं भजनाची. कुणाचा ताल चुकला की सावरून घेणं हा त्यांचा धर्म. पुढच्या रांगेतून आवाज आला, “पोरगा घाबरलाय रे, धरा त्याला!” आणि अख्खं देऊळ ठोक्यावर टाळ्या पिटू लागलं. (एका म्हातारीने तर माझ्यासाठी पाणी पाठवलं.) दुसऱ्या कडव्याला निकेश त्यांनाच जाऊन मिळाला. खाली उतरल्यावर म्हणाला, “मला गावात राहायचा हाय, दादा. मी नाय येणार.”

मी मात्र सोडणार नाही. येत्या शनिवारी हमरापूरला पुन्हा गायचं आहे. तिथल्या मंडळाने बजावलंय, तिघं असाल तर या, नाहीतर नाव काढून टाकतो. तिसरा आवाज मिळाला नाही, तर आमचा गट त्या जमैकावाल्यांच्याही आधी विसरला जाईल. खर्जातला तुमच्याइतका भरीव आवाज आपल्या नात्यात दुसरा नाही, हे मी चारचौघांत सांगतो.

तुमचा भाचा,
जितेश

ता. क. : पुढच्या रांगेतला तो आवाज तुमचाच होता. ओळखला. म्हणून तिसऱ्या जागेसाठी तुम्हाला विचारत नाही.

आणखी ता. क. : ती जागा मामीने घेतली. परवा पेणच्या बाजाराला म्हणून निघाली, ती थेट आमच्या कारखान्यात आली. एकदा ऐकून तिने मधल्या जागा अचूक धरल्या. म्हणाली, “लग्न झाल्यापासून ह्यांच्या बोलण्यात मधेच जागा शोधून बोलतेय. मला काय शिकवतोस?” तुम्हाला सांगायचं काम तिने माझ्यावर टाकलं. तर विनंती एवढीच, शनिवारी ती कालवण करून येईल. भात तेवढा तुम्ही टाका.